कादंबऱ्यांचे सोवळे-ओवळे

मराठी मध्यमवर्गीयाच्या घरात पुस्तकांच्या दोन जागा असतात. एक दिवाणखान्यातले काचेचे कपाट आणि दुसरी उशीखालची. काचेच्या कपाटात 'स्वामी' असते, 'मृत्युंजय' असते, 'ययाति' असते. शेजारी जाडजूड ज्ञानेश्वरी आणि कुणाच्या तरी लग्नात आलेला चांदीचा गणपती. उशीखाली काय असते ते पाहुण्यांना सांगायचे नसते. तिथे गुप्त पोलिसांच्या सुरस हकिकती असतात, झपाटलेले वाडे असतात, कॉलेजातल्या प्रेमाचे त्रिकोण असतात. कपाटातली पुस्तके कोरी करकरीत दिसतात, उशीखालच्यांची पाने सुटलेली असतात. यातली कोणती अधिक वाचली गेली, हे ओळखायला गुप्त पोलीस लागत नाही.

मी मराठीची प्राध्यापिका. त्यामुळे कुणाच्या घरी गेले की माणसे माझ्यापुढे उगाच सावरून बसतात. "हल्ली काय वाचता?" असे सहज विचारावे, तर घरधनी घसा खाकरून खांडेकरांचे नाव घेतात. पंचवीस वर्षांपूर्वी वाचलेले पुस्तक 'हल्ली' या सदरात कसे येते, हे विचारण्याइतकी मी अरसिक नाही. घरातल्या बाई पदराला हात पुसत म्हणतात, "छे हो, मी कुठली वाचतेय! असंच आपलं काहीबाही." त्या काहीबाहीत काय काय दडलेले असते, हे मला ठाऊक आहे. मागे एका विद्यार्थ्याने तर तासानंतर मला गाठून खालच्या आवाजात विचारले होते, "मॅडम, तोंडी परीक्षेत आवडता लेखक म्हणून नारायण धारपांचं नाव सांगितलं, तर मार्क कमी होतील का?"

स्वयंपाकघरातले सोवळे-ओवळे आपल्या बहुतेक घरांतून केव्हाच गेले. कांदा-लसूण बारमाही झाला, बाहेरचे खाणे तर आता पाहुणचारात मोडते. कादंबऱ्यांचे सोवळे मात्र अजून दोरीवर वाळत आहे. ऐतिहासिक कादंबरी देवघरात, सामाजिक कादंबरी माजघरात आणि रहस्यकथा बिचारी अंगणात! या सगळ्याच जातींच्या कादंबऱ्या मी गेली तीस-बत्तीस वर्षे भूक लागेल तशा वाचत आले. प्रत्येकीने मला काय दिले, एवढेच आज वाचकांपुढे ठेवावे म्हणते.

मुळात ही वाटणी जन्मजात नाही. 'कादंबरी' हा शब्दच पाहा. बाणभट्टाच्या एका संस्कृत कथेचे हे नाव. त्याने ती अर्धी सोडली आणि त्याच्या मुलाने ती पुरी केली. हिंदी-बंगालीत जिला 'उपन्यास' म्हणतात, तिला आपण आणि आपल्या शेजारच्या कानडी मंडळींनी एका नायिकेचे नाव देऊन टाकले. पुढे बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली, ती विधवांच्या दुःखाविषयी. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची अद्भुतरम्य 'मुक्तामाला' आली. १८७१ साली रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' आली आणि ऐतिहासिक कादंबरीचा पाया पडला. अवघ्या चौदा वर्षांत सामाजिक, अद्भुत आणि ऐतिहासिक अशा तिघी बहिणी एकाच अंगणात खेळू लागल्या होत्या. हरिभाऊ आपट्यांनी तर 'पण लक्षात कोण घेतो?' आणि 'उषःकाल' या दोन्ही आपल्या 'करमणूक' साप्ताहिकातूनच क्रमशः दिल्या. एकीत आपल्या डोळ्यांसमोरची आळी, दुसरीत शिवकाल. लेखणी तीच, वाचक तेच, अंकाची किंमतही तीच.

'पण लक्षात कोण घेतो?' मी पहिल्यांदा वाचली ती अभ्यासाला होती म्हणून. त्यानंतर कितीदा वाचली, त्याची मोजदाद नाही. यमू आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते. दादाबरोबरचे भांडण, आईची माया, मैत्रीण दुर्गी, सासरची माणसे असे सारे ती घरगुती बोलीत सांगत जाते आणि आपण अगदी निर्धास्तपणे तिच्या मागे मागे माजघरात शिरतो. शेवटी तिच्यावर वैधव्य कोसळते, तिचे बळजबरीने केशवपन होते आणि आपल्या अंगावर काटा येतो. पण खरे सांगू? मला भीती वाटते ती त्या प्रसंगाच्या आधीच्या दोन-तीनशे पानांची. तिथे काहीच भयंकर घडत नाही. माणसे जेवतात, कुजबुजतात, एखादा टोमणा मारतात, दुर्गीच्या नवऱ्याचे प्रताप ऐकून सुस्कारा टाकतात आणि उठून आपापल्या कामाला लागतात. अत्याचाराची सगळी सामग्री रोजच्या पानसुपारीच्या गप्पांत जमा होत असते. हरिभाऊंनी कादंबरीला प्रश्नार्थक नाव दिले. तो प्रश्न १८९० च्या पुण्यापुरता होता, असे मला कधीच वाटले नाही.

आता अंगणातल्या पाहुण्याकडे वळू. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण. या एका माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावे माझ्या वडिलांच्या पिढीला गावसकर-वाडेकरांइतकी जवळची होती. ट्रामच्या थांब्यावर, गिरणीच्या जेवणाच्या सुट्टीत, चाळीच्या जिन्यावर ही चिमुकली पुस्तके वाचली गेली आणि फाटेपर्यंत हातोहात फिरली. ज्यांना एरवी कुणी वाचक म्हटले नसते, अशा किती माणसांना अर्नाळकरांनी वाचायची सवय लावली, याचा हिशेब आमच्या वाङ्मयेतिहासात फारसा मांडला जात नाही.

पण मला या प्रकाराविषयी म्हणायचे आहे ते वेगळेच. रहस्यकथा वाचणारा माणूस फार सावध वाचक असतो. पहिल्या प्रकरणात नोकराने चहाचे तीन पेले आणले आणि खोलीत माणसे दोनच होती, हे तो विसरत नाही. घड्याळ बंद पडलेले, खिडकीची कडी आतून लावलेली, कुत्रे न भुंकलेले, असे सारे तो मनात टिपून ठेवतो. आमच्या अभ्यासक्रमातल्या थोर कादंबऱ्या मुले इतक्या लक्षपूर्वक वाचतील, तर मी पेढे वाटीन! शिवाय रहस्यकथेची एक भाबडी श्रद्धा असते. शेवटच्या दहा पानांत सत्य सापडते आणि अपराध्याच्या हातात बेड्या पडतात. यमूच्या कहाणीत अपराधी पहिल्यापासून सगळ्यांना दिसत असतात. बेड्या मात्र कुणालाच पडत नाहीत. म्हणूनच मला या दोन प्रकारच्या कादंबऱ्या एकमेकींच्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एक पाहायला शिकवते आणि दुसरी, पाहूनही न पाहणाऱ्यांची गोष्ट सांगते.

धारपांचे नाव सांगू का विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला मी म्हणाले, "अवश्य सांग. पण ते का आवडतात, तेही सांगता आलं पाहिजे." नारायण धारप हे १९२५ ते २००८ या काळातले लेखक. भयकथा म्हणजे स्मशान, वटवाघूळ आणि पांढरी साडी, अशी आपली समजूत. धारपांचे भय मात्र भाड्याच्या घरातून, वडिलोपार्जित वाड्याच्या माळ्यावरून, कुटुंबात नव्याने आलेल्या एखाद्या माणसाच्या पावलांनी येते. सुरुवातीला सगळे आपल्यासारखेच असते. सामान लावणे, दूधवाला ठरवणे, मुलांच्या शाळेची चौकशी करणे. मग कुठेतरी एक वास येतो, एक दार आपोआप लोटले जाते आणि घरातले लहान मूल एका कोपऱ्यात जायचे टाळू लागते. मोठी माणसे त्याला दटावतात. धारपांच्या वाचकाला मात्र कळून चुकते, की मूल खरे बोलते आहे. तरुणपणी ही पुस्तके वाचताना दिवा मालवायला उठायचे मला धाडस होत नसे. आज ती भीती गेली. मूल भेदरलेले दिसले, तर आधी त्याचे ऐकून घ्यावे, हे शहाणपण तेवढे मागे राहिले आहे.

ऐतिहासिक कादंबरीची गंमत याच्या नेमकी उलट. तिथे रहस्य मुळी नसतेच. थेऊरला १७७२ साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, माधवराव पेशवे जाणार हे ठाऊक असूनच आपण रणजित देसायांची 'स्वामी' हाती घेतो. १७६१ च्या संक्रांतीला काय झाले ते माहीत असूनच विश्वास पाटलांची 'पानिपत' वाचतो. 'स्वामी' १९६२ ची, 'पानिपत' १९८८ ची. आधी दुसरी आणि मग पहिली, अशा क्रमाने त्या वाचून पाहा. पानिपताने मोडून पडलेले घर सोळा वर्षांचा पोरगा पुन्हा कसे उभे करतो, हे पाहताना 'स्वामी'तले कितीतरी प्रसंग वेगळेच दिसू लागतात. शेवट ठाऊक असला की मन 'पुढे काय झाले' याच्यामागे धावत नाही. ते 'कसे झाले' इथे थांबते. आपल्या आई-आज्या रामकथा कितव्यांदा ऐकत होत्या, हे आठवले की या सुखाचे मूळ सापडते.

मात्र या देवघरातल्या कादंबरीलाही एक धोका आहे. इतिहास शिकवणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्यांनी मला मागे एक उत्तरपत्रिका दाखवली. माधवरावांच्या स्वभावाविषयी पुरावा म्हणून मुलाने 'स्वामी'तला माधवराव-रमाबाईंचा संवाद जसाच्या तसा लिहून काढला होता! कादंबरीकाराच्या प्रतिभेला यापेक्षा मोठी पावती ती कोणती? पण इतिहासाच्या दृष्टीने हा मोठाच घोटाळा. कादंबरी ही बखर नव्हे आणि बखरही आंधळेपणाने मानायची नसते. यावरचा उतारा पुन्हा कादंबरीतच आहे. शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय' लिहिली, तेव्हा कर्णाची कथा एकट्या कर्णाला सांगू दिली नाही. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण असे सहा जण ती सांगतात. घटना एकच, पण ती ज्याच्या पदरी पडली त्याच्याप्रमाणे तिचे रूप पालटते. ज्या घरात 'मृत्युंजय'ची पूजा होते, त्या घरात सासू-सुनेच्या भांडणात दोन्ही बाजू ऐकून घेतल्या जातात का, असा खट्याळ प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो.

विज्ञान कादंबरीला तर आपल्याकडे बरेच दिवस धड अंगणही मिळाले नव्हते. जयंत नारळीकरांची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावाच्या गृहस्थांच्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे स्वतः नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. जगभर नावाजलेल्या शास्त्रज्ञाने नाव लपवून कथा पाठवली. का? तर ती वाचणाऱ्याने कथेचे कुळ न विचारता केवळ कथा वाचावी. सोवळ्या-ओवळ्यावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. पुढे 'प्रेषित', 'वामन परत न आला' अशा त्यांच्या कादंबऱ्या आल्या. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. यंत्र माणसाहून शहाणे झाले तर माणसाचे काय, ही 'वामन'मधली धास्ती १९८६ साली मौजेची कल्पना वाटे. आज माझे विद्यार्थी निबंधसुद्धा यंत्राकडून लिहून आणतात, तेव्हा ती मौज राहिलेली नाही.

प्रेमकथेविषयी बोलताना फडके-खांडेकरांच्या नायिकांवर पानेच्या पाने लिहिता येतील. मला मात्र एकच लहानशी कादंबरी पुरते. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ सालची. बेडेकरांनी कादंबरी लिहिली ती एवढीच. युरोपातून पूर्वेकडे येणारी एक बोट, तीवर हिटलरच्या छळामुळे देशोधडीला लागलेले ज्यू. त्यांतली हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर. त्यांचे प्रेम जमते ते बोटीच्या प्रवासापुरते. मुंबईला तो उतरतो, तिला उतरायला भूमी नसते. ही प्रेमकथा आहे, असे म्हणून मी ती एकोणिसाव्या वर्षी हाती घेतली होती आणि मिटली तेव्हा हातात युद्धाची कादंबरी होती. जगातल्या कुठल्याही बंदरावर माणसे अडवून ठेवल्याची बातमी वाचली, की मला ती मुलगी आठवते. बातमीतला आकडा विसरला जातो, हॅर्टा विसरली जात नाही.

आता आपल्या काचेच्या कपाटात सहसा नसणाऱ्या कादंबऱ्यांविषयी दोन शब्द. कोकणची 'गारंबीचा बापू' आणि 'पडघवली' आपण प्रेमाने वाचतो. आपल्यापैकी अनेकांचे आजोळ तिकडचे असते. धनगरांच्या वाडीवर नोकरीला गेलेल्या कोवळ्या मास्तराची 'बनगरवाडी'ही आपल्याला आवडते. मास्तर आपल्यातला वाटतो. पण उद्धव शेळक्यांची 'धग' कितीशा घरांत असते? १९६० साली आलेली ही वऱ्हाडातली कहाणी. कौतिक नावाची बाई संसार उभा राहावा म्हणून हाडाची काडे करते आणि संसार तिच्या हातांतून वाळूसारखा निसटत जातो. मी ती वर्गात शिकवायला घेतली, तेव्हा बहुतेक मुलांनी वऱ्हाडी बोली कठीण म्हणून नाके मुरडली. शेवटच्या बाकावर अकोल्याकडचा एक मुलगा बसत असे. तो वर्षभर तोंड उघडत नसे. आपण बोललो की पोरे हसतात, हे त्याला माहीत होते. त्याला मी उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. त्याने वाचायला सुरुवात केली आणि पुस्तकातली बाई उठून बोलू लागली. वर्ग चिडीचूप. त्या दिवसानंतर त्याच्या बोलण्याला कुणी हसले नाही. ही 'धग'ची थोरवी की त्या मुलाची, मला सांगता येणार नाही.

आणि अण्णा भाऊ साठ्यांची १९५९ ची 'फकिरा' कोणत्या फळीवर ठेवाल? तीत इंग्रजी अमदानीचा काळ आहे, म्हणून ती ऐतिहासिक म्हणावी. घोडेस्वारी, पाठलाग, लूट आहे म्हणून साहसकथा म्हणावी. उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य लुटणारा नायक आहे म्हणून सामाजिक म्हणावी. वाटेगावच्या ज्या लेखकाला शाळेची पायरी दीड दिवसच काय ती लाभली, त्याने आमच्या सगळ्या फळ्या एका पुस्तकात मोडून ठेवल्या. तिला १९६१ साली राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. पण पारितोषिक मिळणे आणि आपल्या घरात प्रवेश मिळणे, यात अजूनही अंतर आहे. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून-सवरून नोकरी नसलेला शेतकऱ्याचा मुलगा आणि बारा महिने न संपणारी शेतीची विवंचना हा तिचा विषय. भाजीचा भाव वाढला की करवादणाऱ्या आम्हा शहरी मंडळींनी ती एकदा तरी वाचावी.

एकच कादंबरी वयाप्रमाणे जात बदलते, हाही अनुभव मला आला आहे. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची. मी ती अठराव्या वर्षी वाचली, तेव्हा ती मला विनोदी कादंबरी वाटली होती. वसतिगृहातल्या फजित्या, प्राध्यापकांची टवाळी, पांडुरंग सांगवीकरचे ते तिरके बोलणे. मी पोट धरधरून हसले. चाळिशीत पुन्हा वाचताना त्याची धाकटी बहीण मणी जिथे मरते, तिथे मी थांबले आणि दोन दिवस पुढे जाऊ शकले नाही. शिवाय ज्याची टवाळी चालली आहे तो प्राध्यापकवर्ग म्हणजे आता मीच होते! पुस्तक तेच, छपाई तीच. तेव्हा पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर फार विसंबू नये.

हे सारे वाचून एखादा व्यवहारी वाचक विचारील, "बाई, हे ठीक आहे. पण इतक्या कादंबऱ्या वाचून मिळतं काय?" प्रश्न रास्त आहे. याला मी पुस्तकी उत्तर देणार नाही, एका बाईविषयी सांगते.

माझी एक आत्या आमच्याकडेच राहत असे. ठाण्याची चाळ, तीन मजले, नव्वदच्या दशकाची सुरुवात. आत्याचे शिक्षण सातवीपर्यंत. दुपारची भांडी झाली की ती अर्नाळकरांची जुनी पुस्तके घेऊन बसायची. वडील थट्टेने तिला "आमच्या घरातली सी. आय. डी." म्हणत. वरच्या मजल्यावर एक नवे लग्न झालेले जोडपे राहायला आले. महिनाभरात ती मुलगी दोनदा मोरीत घसरून पडल्याचे कानावर आले. बायका चुकचुकल्या, कुणी तेल सांगितले, कुणी लेप सांगितला. आत्या जेवता जेवता एकदम म्हणाली, "ती मोरी हातभर लांबीची. तिच्यात माणूस पाठीवर पडायला जागा तरी आहे का? आणि मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं कोण घालतं?" कुणी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी आत्या वर गेली. त्या घरातल्या सासूला तिने शांतपणे सांगितले, "पोरीला चार दिवस माहेरी पाठवा. सोबत नसेल तर मी सोडून येते." आणि खरोखरच एस. टी.ने जाऊन ती तिला सोडून आली. ती मुलगी त्या घरी परत आली नाही. पुढे शिक्षिका झाली, असे ऐकले. गावाहून परतल्यावर रात्री आत्याने दिव्याखाली आपले पुस्तक उघडले. खुनी सापडायचा राहिला होता.

या हकिकतीचे श्रेय मी अर्नाळकरांना देत नाही. आत्या मुळातच तशी होती. रहस्यकथा वाचून माणसे धीट झाली असती, तर आपल्याकडे धीट माणसांचा असा दुष्काळ पडला नसता. पण मला एक गोष्ट विसरता येत नाही. आमच्या त्या चाळीत किमान तीन घरांतल्या कपाटांत 'पण लक्षात कोण घेतो?' होती. वाचलेली होती, वाखाणलेलीही होती. भिंती पातळ होत्या आणि रात्रीचे आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होते. लक्षात घेतले ते अंगणातल्या कादंबरीच्या वाचकाने.

म्हणून मला वाटते, कादंबरी कोणत्या प्रकारची, हा प्रश्न दुय्यम आहे. तिने आपल्याला काय लक्षात घ्यायला लावले, हा खरा प्रश्न. रहस्यकथेने बारीक खुणा पाहायला शिकवावे, भयकथेने भेदरलेल्याचे ऐकायला शिकवावे. इतिहासाने परिणाम ठाऊक असूनही कारणांकडे वळवावे, विज्ञानाने उद्याची धास्ती आजच दाखवावी, 'धग'ने आपल्या कानांवरची झापडे काढावीत. एकाच फळीवर आयुष्य काढणारा वाचक, मग ती फळी कितीही सोवळी असो, एकाच प्रकारचे पाहायला शिकतो आणि बाकीच्या बाबतीत आंधळा राहतो. हे जसे उशीखालच्या वाचकाला लागू, तसेच आम्हा प्राध्यापकांनाही लागू.

तेव्हा या दिवाळीत एक सोपा प्रयोग करून पाहावा. सुट्टी आहे, फराळाचे डबे भरलेले आहेत, घरात चार माणसे एकत्र आली आहेत. प्रत्येकाने आपले आवडते पुस्तक शेजारच्याच्या हातात द्यावे आणि त्याचे आपण घ्यावे. बाबांनी मुलाचे धारप वाचावेत, मुलाने आजीची यमू वाचावी, आईने बाबांचे 'पानिपत' लढावे आणि आजीने, डोळे साथ देत असतील तर, झुंजारचे प्रताप पाहावेत. ज्यांच्याकडे 'फकिरा' किंवा 'धग' नसेल त्यांनी वाचनालयातून आणावी. तिथे ती बहुधा जागेवरच सापडेल. मग भाऊबिजेच्या दिवशी जेवणे झाल्यावर एकमेकांना विचारावे, काय लक्षात आले? उत्तर देताना कुणी घसा खाकरू नये आणि "काहीबाही" असेही म्हणू नये. मार्क कमी होणार नाहीत, एवढी हमी मी देते.